झोपेत गेलेलं गाणं

ज्योत्स्नाला ती कॅसेट अकरावीत असताना सापडली. लोणावळ्याच्या बाजारातल्या एका दुकानात, भीमगीतं आणि लावण्यांच्या रांगेत ती चुकून येऊन बसली होती. मुंबईच्या चार पोरांचा रॉक बँड, नाव ‘लूप लाइन’, गाणी इंग्रजीत. ज्योत्स्नाचे वडील रेल्वेत गँगमन होते. बँडचं नाव ऐकून ते पोट धरून हसले. “लूप लायनीला तर मालगाडी हुबी करून ठेवत्यात. ही पोरं कुटं पोचायची?”

पोरं पोचली. ज्योत्स्नाही नर्सिंगला गेली, लग्न होऊन कामशेतला आली, लोणावळ्याच्या एका हॉस्पिटलात लागली. मुलगी अमृता शिकून बंगळुरूला गेली. या सगळ्यात स्वयंपाकघरात ‘लूप लाइन’ वाजत राहिलं, आधी टेपवर, मग मोबाइलवर. त्यातलं ‘थर्ड प्लॅटफॉर्म’ हे तिचं खास. तिच्या हातात पहिला पेशंट दगावला, त्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात बसून तिनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. पण त्या लोकांना समोर गाताना बघणं काही जमलं नव्हतं. पुण्यात कार्यक्रम असला की हमखास तिची ड्यूटी असायची.

यंदा अमृताचा फोन आला. “आई, त्यांचा शेवटचा दौरा आहे. गहुंज्याच्या स्टेडियमवर येतायत. तुमची दोघांची तिकिटं काढलीत, आता कारणं सांगू नकोस.”

रविवार मोकळा मिळावा म्हणून ज्योत्स्नानं दुसऱ्या एका नर्सची शुक्रवारची नाइट स्वतःवर घेतली, शनिवारची नाइट स्वतःची होतीच. शनिवारी रात्री घाटात गाडी उलटली आणि वॉर्डात खाटा कमी पडल्या. सकाळी घरी आली तर नळाला पाणी आलं होतं. दुपारी जरा पडली, तर शेजारच्या बयाबाई रक्तातली साखर तपासून घ्यायला आल्या. सुई टोचून, आकडा सांगून, पथ्य सांगून होईतो निघायची वेळ झाली.

नवरा प्रितम मोटरसायकल पुसून तयार होता. तो मूळचा भाजे गावचा, तळेगावच्या एका कंपनीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपला. दिवसभर मशिनींचा दणका ऐकणाऱ्या माणसाला पैसे देऊन दणका ऐकायला जाणं कळत नव्हतं. पण बायकोबरोबर जायचं म्हटल्यावर तो नवा शर्ट घालून निघाला.

गेटबाहेरची रांग उन्हात सरकतच नव्हती. ज्योत्स्नाच्या पोटऱ्या रात्रीपासूनच भरून आल्या होत्या. आत जागा मिळाली ती पार वरच्या स्टँडमध्ये. खाली स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती, म्हणून सगळे बाजूच्या मोठ्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर गाणारा आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. ती एकदम म्हणाली, “अगं बाई, हा तर म्हातारा झाला!” आणि मग स्वतःलाच हसली.

पहिली तीन गाणी तिनं उभं राहून ऐकली. शब्द सगळे येत होते, पण आवाज फुटत नव्हता. चौथ्याला ती खाली बसली. ड्रम छातीत धडधडत होते, आजूबाजूची पोरं नाचत होती. तिनं प्रितमच्या खांद्याला डोकं टेकलं. “पाच मिनिटं,” ती म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा आभाळ काळं झालं होतं आणि सगळं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. तिनं कानाला हात लावला. कानात प्रितमला कंपनीत मिळणारे पिवळे स्पंजचे बोळे होते. तिनं ते उपटून काढले. लोक टाळ्या वाजवत होते, बँडवाले हात हातात घेऊन वाकत होते.

“थर्ड प्लॅटफॉर्म?” तिनं विचारलं.

प्रितम म्हणाला, “झालं.”

ती उठली आणि जिने उतरू लागली. गाडी लावलेल्या मैदानापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. तिथं मात्र तिचा बांध फुटला.

“बोळे घातलेत माझ्या कानात! मला उठवायचं होतं ना!”

“लय गाढ झोपलीवतीस.”

“मग? तीस वर्षं वाट बघितली मी. तुम्हाला गाणं कुठलं तेही कळलं नसेल.”

“कळलं,” प्रितम म्हणाला. “घरात रोज वाजतं, कळायचं न्हाई व्हय? सुरू झालं तसं तुला हलवलं. तर तू झोपेतच म्हणालीस, ‘चार नंबरचं सलाइन संपलंय, बदलते.’ आन् उठायला लागलीस. मला बघवलं न्हाई. मग घातले बोळे.”

चार नंबरच्या खाटेवर शनिवारी घाटात उलटलेल्या गाडीचा ड्रायव्हर होता. राग गेला नव्हता, पण तो धरून ठेवायलाही अंगात ताकद नव्हती. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि रडली. प्रितम हेल्मेट हातात घेऊन थांबला.

डोळे पुसून तिनं विचारलं, “कसं झालं?”

“त्याला वरचा सूर लागंना. दोनदा लावून बघितला त्यानं. मग स्टुलावर बसला आन् माइक लोकांकडं केला. समद्यांनी म्हटलं त्याच्यासाठी. मधलं ते गिटारीचं त्यानं एकदम हळू वाजवलं, कॅशेटीत आसतं तसं न्हाई. लोकं गप झालीवती तवा.”

“हळू?”

“व्हय. बरं वाटलं ऐकाय.”

घरी येताना ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून बसली. घरी आल्यावर कपडेही न बदलता तिनं इनचार्ज सिस्टरना मेसेज केला, उद्या येत नाही. कारण लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऊन पार ओट्यावर येईपर्यंत झोपली. उठून चहा घेत होती तेवढ्यात अमृताचा फोन आला. प्रितम सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत डबा भरत होता.

“कसा झाला गं? तुझं गाणं म्हटलं का त्यांनी?”

“म्हटलं ना,” ज्योत्स्ना म्हणाली. “आवाज राहिला नाही गं त्याचा. वरचा सूर लागेना, तर स्टुलावर बसला बिचारा. मग आम्ही सगळ्यांनी म्हटलं. आणि ते मधलं गिटार इतकं हळू वाजवलं त्यानं, सगळं स्टेडियम गप्प.”

“तू रडली असशील.”

“रडले की.”

प्रितमनं डब्याचं झाकण लावलं आणि चपला घालायला गेला.