पाचवं लॉक

सेल्मर टोपी विसरला नसता तर माझा तो शनिवार सुखाचा गेला असता. पण उणे अठ्ठावीसच्या थंडीत आमचे हे उघडं टक्कल घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसले आणि म्हणतात कसे, "अगं, गॅरेजमध्ये राहिली वाटतं." मी तणतणत परत गेले. टोपी कामाच्या टेबलावर उलटी पडली होती. उचलून झटकली तर तिच्या दुमडलेल्या कानपट्टीतून काहीतरी टिणकन खाली पडलं.

तारेची नखाएवढी कडी. पिस्टनच्या पिनेचं लॉक. नवंकोरं, तेलाचा डागसुद्धा नाही.

पंचेचाळीस वर्षं मेकॅनिकबरोबर संसार केलाय, लॉक म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आमच्या गाडीला दोन सिलिंडर, दोन पिस्टन, आणि प्रत्येक पिनेच्या दोन्ही टोकांना एकेक लॉक. म्हणजे चार. चारही आत पाहिजेत. एक जरी राहिलं तर पिन हळूहळू बाहेर सरकते, सिलिंडर खरवडते आणि भर वेगात इंजिन जाम होतं. गाडी जागच्या जागी थांबते, वरचं माणूस थांबत नाही. आणि वरचं माणूस म्हणजे आमची एकुलती एक जोलीन. शाळेची बस चालवते, त्रेचाळीस वर्षांची घोडी झालीय, पण त्या दिवशी ती जुन्या स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्यांच्या, शर्यतीत दीडशे मैल जाणार होती.

ती गाडी बहात्तर सालची. शेजारच्या डेल वॉयचिकच्या गोठ्यात गवताखाली सापडली, तेव्हा सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण चाललं होतं. सेल्मरने दोन हिवाळे खपून ती उभी केली. वाकडी स्की सरळ केली, पट्टा मॅनिटोबातून आणला, इंजिन पार नागडं करून पुन्हा बांधलं. सगळं स्वतःच्या हाताने. कुणी पाना पुढे केला तरी खेकसायचा.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं की ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. मला त्याआधीच कळलं होतं म्हणा. चर्चमधून दुसऱ्याचा कोट घालून यायचा, जोलीनला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचा. डॉक्टरांकडून परतताना ट्रकमध्ये तो तासभर रस्ता बघत बसला. मग म्हणाला, "आर्लिस, ज्या दिवशी माझ्या हातचं इंजिन चुकीचं बाहेर पडेल, त्या दिवशी गॅरेजला कुलूप घाल. मी अडवणार नाही. पण त्याआधी नको." मी शब्द दिला. आणि आता ते कुलूप माझ्या हातमोज्यात होतं, नखाएवढं.

तुम्ही म्हणाल, मग बाई, विचारायचं ना त्याला! कसं विचारू? आदल्या रात्री काय जेवला ते त्याला सांगता येत नव्हतं. आणि समजा विचारलं, आणि त्याचा चेहरा कोरा झाला, तर? मी लॉक खिशात टाकलं, टोपी त्याच्या डोक्यावर आदळली आणि ट्रक सुरू केला.

"एवढा वेळ काय करत होतीस?"

"तुझी पूजा बांधत होते. गप बस."

गाडी तपासायची सोय नव्हती. आमच्याकडे शर्यतीच्या आदल्या दुपारी सगळ्या गाड्या दोरीच्या आत उभ्या करतात. त्यानंतर झेंडा पडेपर्यंत मालकानेसुद्धा बोट लावायचं नाही. आम्ही पोचलो तेव्हा गाड्या सुटायलाच लागल्या होत्या. जोलीनने इंजिन सुरू करायची दोरी तीनदा ओढली, चौथ्यांदा इंजिन खोकललं आणि निळा धूर सोडून सुरू झालं. सेल्मरने टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत ती रस्त्याकडेच्या चरात उतरून दिसेनाशी झाली.

मधला थांबा सत्तर मैलांवर. तिथवर सेल्मर शेजारी बसून शीळ घालत होता आणि मी डाव्या हाताने खिशातलं लॉक चाचपत होते. दर वळणावर वाटायचं, आता चरात आमची पिवळी गाडी उलटी पडलेली दिसणार. दोन दिसल्या, पण आमची नव्हती. देवा, दुसऱ्याची मोडकी गाडी बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि त्याची लाजही वाटली.

थांब्यावर चर्चच्या बायकांनी वाटाण्याचं सूप ठेवलं होतं. सेल्मरला वाडगा देऊन आत बसवलं आणि पेट्रोल भरत असलेल्या जोलीनला मी धरून शेडच्या मागे नेलं. लॉक तिच्या पुढे धरलं.

"हे बाबांच्या टोपीत होतं. तू आता इथेच थांब."

तिने हेल्मेट वर केलं. नाक लालभडक झालं होतं. लॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाबांना विचारलंस?"

"काय विचारू? कालचं जेवण आठवत नाही त्याला!"

"जेवण वेगळं, इंजिन वेगळं."

"जोलीन, आत्ता शहाणपणा नको. थांबलीस तर नुसती शर्यत जाईल. नाही थांबलीस तर—"

"थांबले तर सगळ्यांना कारण सांगावं लागेल," ती म्हणाली. "बाबांच्या समोर." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "आई, सत्तर मैल झालेत. पिन सरकली असती तर मला ऐकू आलं असतं. मी कान देऊन चालवते, आणि अंगठा इंजिन बंद करायच्या बटणावर ठेवते. कुठे जरा जरी खर्र केलं तर बंद करीन. शब्द देते."

"तुझ्या शब्दाचं लोणचं घालू?"

"घाल. हिवाळाभर पुरेल." आणि हेल्मेट खाली ओढून गेलीसुद्धा बया. बापाची जात.

शर्यतीचा शेवट सरोवराच्या बर्फावर होता. दुपारी अडीचपासून गाड्या यायला लागल्या. जुन्या गाड्यांच्या गटात सोळा निघाल्या होत्या. पहिली आली, दहा मिनिटांनी दुसरी आली. मग कुणीच येईना. तीन वाजले. सव्वातीन झाले. वारा सुटला, आणि लांबवर नुसता पांढरा भुगा उडताना दिसत होता. कुणीतरी म्हणालं, इथून अकरा मैल मागे एक गाडी बंद पडलीय, कुणाची ते माहीत नाही.

"आर्लिस," सेल्मर म्हणाला, "सकाळपासून तुझा हात खिशात आहे. काय आहे तिथे?"

मला राहवलं नाही. मी लॉक काढून त्याच्या पंजावर ठेवलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. जोलीनला सांगितलं तेही, तिने ऐकलं नाही तेही. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्याच्या बुटांना सांगत होते.

त्याने लॉक बोटांत फिरवून बघितलं. मग चक्क हसला.

"टोपीत? अगं, स्टोव्हखाली पालथा पडून शोधलं मी याला! मेलं चिमट्यातून सटकलं ते कुठे गेलं पत्ताच नाही. शेवटी दुसरं पाकीट फोडलं. सोमवारी. तू आत बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से, लाटत होतीस. मी दोन सणसणीत शिव्या घातल्या आणि तू आतून ओरडलीस, 'तोंड आवर, पाद्रीबाईंचा फोन चालू आहे.'"

आणि मला आठवलं. लाटणं हातात, फोन कानाशी, पलीकडे पाद्रीबाई, आणि गॅरेजमधून ते शब्द. मीच ओरडले होते. सोमवार होता. विसरले होते ती मी.

"चारही आत आहेत," तो म्हणाला. "बसवल्यावर प्रत्येक लॉक खाचेत फिरवून बघितलंय." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "सकाळपासून तू माझ्या शेजारी बसलीस. मला का नाही विचारलंस?"

"वाटलं, तुला आठवणार नाही."

"जेवण विसरेन. तुझा वाढदिवस विसरेन."

"तो तू पहिल्यापासून विसरतोस."

"पण विचारायचं तरी," तो म्हणाला. "सगळ्यांनी विचारायचंच सोडलंय, आर्लिस. तूसुद्धा."

मी त्याचा हात धरला. त्याच्या हातमोज्यात ते लॉक आमच्या दोघांच्या मध्ये टोचत होतं.

"आली," तो म्हणाला.

मला काही ऐकू येत नव्हतं. "कुठे?"

"ऐक ना. दोन्ही सिलिंडर. छान चाललंय." मग मिनिटभराने मलाही ती घरघर ऐकू आली आणि भुग्यातून पिवळा ठिपका निघाला. माझी पोर, सरळ बसलेली. मी रडले, सरळ सांगते, तोंडावरचे अश्रू गोठेपर्यंत रडले. शर्यतीत डेल वॉयचिकच्या गाडीचा पट्टा तुटला होता आणि ही बाई आपला जादा पट्टा त्याला बसवून देत अर्धा तास वाटेत गुडघ्यावर बसली होती. तरीही तिसरी आली. सोळातल्या सहाच पोचल्या.

"बाबा, लोण्यासारखं चाललं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी तिला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

पहिल्या तिघांची इंजिनं उघडतात, आत नवे भाग लपवलेत का ते बघायला. फायर स्टेशनच्या शेडमध्ये कॉल्टन नावाचा तपासणीस होता, तिशीतला, हातात वही. त्याने सिलिंडर उपसून काढले. मी मान लांब करून बघितलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारही आपापल्या खाचेत. सेल्मर माझ्याकडे बघत होता. "पुन्हा मोज हवं तर," म्हणाला. मी पुन्हा मोजली.

कॉल्टनने पिस्टन बोटाने हलवून बघितला. मग सेल्मर शेजारी उभा असताना माझ्याकडे वळला, हळू आवाजात, सगळे हल्ली काढतात तसल्या आवाजात. "काकू, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट किती ठेवलीय यांनी, काही लिहून ठेवलंय का?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणाले. "इंजिन त्याने बांधलंय. त्याला विचार."

बिचाऱ्याचे कान लाल झाले. तो वळला. "काका, फट किती?"

"डावीकडे साडेचार हजारांश इंच, उजवीकडे पाच," सेल्मर म्हणाला. "का पाच, विचार."

"का पाच?"

"त्या बाजूला पट्ट्याचं झाकण येतं. वारा कमी लागतो, जास्त तापतं, जास्त फुगतं. हे बघ, इकडे ये." आणि टोपी मागे सारून तो सुरू झाला. कॉल्टन वही बाजूला ठेवून वाकला. पहिल्या नंबरचा मेकॅनिकही जवळ येऊन ऐकायला लागला. मध्येच सेल्मर अडला, त्याला त्या मुलाचं नाव आठवेना. त्याने माझ्याकडे बघितलं. नाव माझ्या जिभेवर होतं. मी काही बोलले नाही.

"ए पोरा, तुझं नाव काय रे?" त्याने विचारलं.

"कॉल्टन."

"हां, कॉल्टन. तर ही उजवी बाजू बघ," तो म्हणाला, आणि पुढे बोलत राहिला.