दोघींची वेगळी सूट

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, पण माझ्या पोटात कधी दुधाची पिशवी आली नाही की उरलेली आमटी आली नाही. माझा जन्मच लसींसाठी झाला. उंचीने मी कमरेएवढा, रंगाने पांढरा आणि दाराला कुलूप. घरातला फ्रीज जरा जास्त गार झाला तर फार तर कोथिंबीर काळी पडते. माझ्यातला गारवा कमीजास्त झाला तर लस वाया जाते, आणि वाया गेलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच दिसते. म्हणून कारखान्यात मला फार तपासलं. एक माणूस माझं दार उघडायचा, आतला तापमानाचा काटा बघायचा, दार लावायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडायचा. एवढं जपून हे माझ्यात ठेवणार तरी काय आहेत, असं मला सारखं वाटायचं. माझा चौकस स्वभाव तेव्हापासूनचा.

तिथून मी सिएटलजवळच्या बॉथेल गावात, डॉक्टर वसुधा यांच्या मुलांच्या दवाखान्यात आलो. ते माझे सुखाचे दिवस होते. एका नोव्हेंबरात वादळी वाऱ्याने झाडं तारांवर पडली आणि दुपारभर वीज गेली. डॉक्टरांनी माझं दार कुणालाही उघडू दिलं नाही. वीज आली तेव्हा काटा जिथल्या तिथे होता. त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "गुणी आहेस रे." फ्रीजला आणखी काय हवं?

भिंतीपलीकडे बाळं रडायची आणि लगेच हसायचीही. पण काही मुलं लस न घेताच परत जायची. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि त्यात एक शब्द नेहमी यायचा, एक्झेम्प्शन. म्हणजे सूट. इथे शाळेत जायला काही लसी घ्याव्याच लागतात, पण ज्यांना सूट असते त्यांना लागत नाहीत, एवढं मला कळलं. ती कुणाला मिळते आणि कशासाठी, हे मात्र कळलं नाही. मी विचारणार तरी कुणाला?

पुढे दवाखान्यात नवा फ्रीज आला. आत जरा गारवा कमी झाला की तो डॉक्टरांच्या फोनवर निरोप पाठवायचा. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली गेली आणि तिच्यावर खोकी. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी किती दिवस होतो ते आठवत नाही. मग एके दिवशी डॉक्टरांनी मला जवळच्या प्राथमिक शाळेला देऊन टाकलं.

शाळेच्या हेल्थ रूममध्ये पद्मिनी नर्स होती. मूळची संगमनेरची. शाळेत सगळे तिला मिस पद्मिनी म्हणायचे, पण मराठी घरातली मुलं आजूबाजूला कुणी नसलं की मावशी म्हणायची. तिने माझ्यात बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, ज्यूसचे डबे ठेवले आणि मधुमेह असलेल्या एका मुलाचं इन्सुलिन. सुरुवातीला मला जरा कमीपणा वाटला. पण इथे माझं दार दिवसभर उघडत होतं, आणि गुडघा फुटलेलं प्रत्येक मूल बर्फ लावता लावता काहीतरी गोष्ट सांगायचंच. मी रमलो.

इला तिथेच भेटली. दुसरीतली मुलगी, केस अगदी आखूड, नुकतेच उगवल्यासारखे. पहिलीचं सगळं वर्ष तिने हॉस्पिटलात आणि घरात काढलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर तिला थकवा यायचा, म्हणून ती माझ्या शेजारच्या खाटेवर थोडा वेळ पडायची. तिच्या सोबतीला तिच्या वर्गातली अनिका यायची. दोघी कुजबुजत बसायच्या. पद्मिनी "गप्पा नाही, रेस्ट" म्हणायची आणि दुर्लक्ष करायची.

जानेवारीत शाळेतल्या एका मुलाला गोवर झाला. त्या सकाळी पद्मिनीचा फोन खाली ठेवलाच गेला नाही. ज्यांनी गोवराची लस घेतलेली नाही त्यांनी साथ संपेपर्यंत घरी राहायचं, असा नियम आहे. ती एकेका घरी फोन करत होती आणि मुलं एकेक करून जात होती. शेवटी खाटेवर दोघीच उरल्या, इला आणि अनिका.

"तुलापण घरी पाठवतायत?" अनिकाने विचारलं.

"हो. मला लस नाहीये. मला सूट आहे."

"मलापण आहे."

इलाने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "मला ल्युकेमिया होता ना, त्याच्या औषधांनी माझी बॉडी वीक झालीय. ही लस मला नाही चालत. डॉक्टर म्हणतात नॉट येट, मेबी इन स्प्रिंग. तुला काय झालं होतं?"

"काही नाही. आमचा देव नको म्हणतो."

"कुठला देव?"

अनिका विचारात पडली. "आय डोन्ट नो. बाबांना विचारते."

मित्रांनो, त्या क्षणी मी माझी घरघरसुद्धा थांबवली असती. इतकी वर्षं मला जे विचारायचं होतं ते त्या पोरी सहज विचारून बसल्या होत्या.

अनिकाचे बाबा, नकुल, आधी आले. नागपूरचे. खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर मीटिंग अर्धी सोडल्याची घाई. अनिकाने त्यांना कोट काढायलाही वेळ दिला नाही.

"बाबा, लस घेऊ नका असं आपल्याला कुठल्या देवाने सांगितलं? गणपतीने?"

नकुलने पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनी माझ्यात बर्फाच्या पिशव्या रचत होती.

"गाडीत बोलू, बेटा."

"इलाला डॉक्टर नाही म्हणतात. आपल्याला कोण नाही म्हणतं?"

तेवढ्यात इलाची आई आश्लेषा आली. पद्मिनीने तिला बाजूला घेतलं. आजारी मुलगा इलाच्याच वेळी जेवणाच्या हॉलमध्ये होता, तेव्हा हॉस्पिटलला लगेच फोन करायला हवा, असं तिने सांगितलं. आश्लेषा फोन काढून अगदी शांतपणे बोलली, अशा वेळेतून फार वेळा गेलेली माणसं बोलतात तशी. उद्या सकाळी या, असं तिकडून सांगितलं गेलं.

नकुलने हे सगळं ऐकलं होतं. "आश्लेषा, इला आजारी होती हे माहीत होतं. तिला लस देता येत नाही हे नव्हतं माहीत," ते म्हणाले. "मला वाटायचं, बाकी सगळ्यांनी घेतलीच असेल, आमच्या एकटीने काय फरक पडतो."

"मीही तेच धरून चालले होते. सगळ्यांनी घेतलीच असेल." ती आता खूप काही बोलेल असं मला वाटलं, आणि तिला तसं बोलावंसं वाटलंही असावं. पण ती खुर्ची ओढून बसली. "नकुल, तुम्ही अनिकाला का नाही दिली? भांडत नाहीये. मला खरंच कळत नाहीये."

नकुलने बॅग खाली ठेवली.

"आम्ही तेव्हा दुसऱ्या राज्यात, चँडलरला होतो. ही सात महिन्यांची. सकाळी लस दिली, दुपारी ताप चढला, आणि माझ्या हातातच ही ताठ झाली. डोळे वर गेले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मला वाटलं, गेली. ती बरी झाली, पण तेव्हापासून सुईचं नाव काढलं तरी मला तीच दुपार दिसते. इथे शाळेच्या फॉर्ममध्ये भीतीसाठी जागा नव्हती यार. धर्मासाठी होती."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"फॉर्मवर त्यांची सही तेवढी घेतली. हे नाही बोललो. हसले असते."

"नाही हसणार," पद्मिनी म्हणाली. "बाळांना तापात असा झटका येऊ शकतो. अनिकाच्या बाबतीत आता पुढे काय करायचं, ते मी नाही सांगू शकत. पण विचारा. जे आत्ता बोललात, तेच जाऊन बोला."

अनिका बाबांकडे टक लावून बघत होती. आपल्याला असं काही झालं होतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिने त्यांचा हात धरला.

पुढचं मला अनिकानेच सांगितलं. म्हणजे सांगितलं पद्मिनीला, ऐकलं मी. आई-बाबा तिला घेऊन डॉक्टर वसुधांकडे गेले. बाबांनी इतके प्रश्न विचारले की तिला कंटाळा आला. डॉक्टर हसल्या नाहीत. ताप येणारच नाही अशी खात्री देता येत नाही, त्या म्हणाल्या, पण आला तर काय करायचं ते मी तुम्हाला नीट सांगते. शेवटी लस टोचताना बाबांनी डोळे मिटले. "मी नाही मिटले," अनिका म्हणाली. काही दिवसांनी थोडा ताप आला. बाबा उशाशी बसून राहिले. ताप उतरला आणि ती शाळेत परत आली.

इला आली नाही. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं तयार संरक्षण हॉस्पिटलात तिला नळीने दिलं. गोवर तिच्या वाटेला आला नाही. पण त्या औषधानंतर लस लगेच देता येत नाही, म्हणून तिची स्वतःची लस वसंतातून थेट पुढच्या शरदावर गेली. तिची शाळा पुन्हा बंद, खाट रिकामी. अनिका उगाच पोट दुखतंय म्हणून यायची आणि विचारायची, "आज इला येईल?" पद्मिनी नाही म्हणून मान हलवायची. नकुल कामावरून परतताना अनिकाने काढलेली चित्रं इलाच्या दारात ठेवायचे, बेल वाजवायचे आणि लांब, गाडीपाशी जाऊन उभे राहायचे. खिडकीतून इला हात हलवायची. आश्लेषाही. सुरुवातीला एकटी इलाच हलवायची, असं अनिका म्हणाली.

एप्रिलमध्ये साथ संपली आणि इला आली. केस आता कानापर्यंत वाढलेत. ती अजून थकते, अजून माझ्या शेजारी पडते, आणि दोघी अजून रेस्ट करत नाहीत.

मी आता कुरकुरतो. या उन्हाळ्यात मला काढणार असं ऐकलं आहे. जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. शब्द एकच असतो, सूट. पण एकीला ती घ्यावी लागली होती आणि दुसरीच्या बाबांनी ती भीतीपोटी मागितली होती. तुमच्याही ओळखीत असे एखादे काका असतील. त्यांना हसू नका, वेडं म्हणू नका. काय झालं होतं, ते विचारा. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्यापर्यंत त्यांना घेऊन जा.

तुमच्या वर्गातही एखादी इला असेल. ती सांगेलच असं नाही. आमच्या इलाची लस शरदात आहे. तोवर ती रोज सकाळी पाठीवर दप्तर घेते आणि तुम्ही लस घेतली असेल या भरवशावर शाळेत येते.