भोवऱ्यावरचा आळ

घरात कुत्रा आणायचा की नाही, यावरून एकदाही वाद झाला नाही असं घर शोधूनही सापडणार नाही. आणावा म्हणणारा एक असतो, नको म्हणणारे दोन असतात, आणि शेवटी जो हौसेने आणतो त्याचीच हौस सगळ्यात आधी फिटते. आमच्या ओळखीच्या मास्तरांच्या घरीही हेच झालं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लोकांना मोटार चालवायला शिकवत. हातपाय थरथरणारी माणसं त्यांच्याकडे येत आणि काही आठवड्यांत भर रहदारीतून गाडी काढत. "घाबरू नका, सावकाश येईल," हे वाक्य मास्तर दिवसभर न कंटाळता म्हणत. त्यांच्या चिकाटीचं गावभर कौतुक होतं.

मुलगी शिकायला परगावी गेली, बायको दिवसभर ऑफिसात, आणि म्हाताऱ्या आईला भिंतींशी बोलायची वेळ आली. म्हणून मास्तरांनी भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्रा आणला. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि अंगात नुसता वारा शिरलेला. आनंद झाला की स्वतःभोवती गरागरा फिरायचा, म्हणून निवाऱ्यातल्या लोकांनी त्याचं नाव भोवरा ठेवलं होतं. निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "याला सकाळ-संध्याकाळ पळवावं लागेल हं. नाहीतर हा घर डोक्यावर घेईल." मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "ते माझ्यावर सोडा! मुक्या जिवाला घर देणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे." भोवऱ्याला कुशीत घेऊन त्यांनी फोटोही काढून घेतला. तो पाहून ओळखीपाळखीच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

पहिल्या आठवड्यात मास्तर भल्या पहाटे उठून त्याला मैदानावर घेऊन गेले. मग एक दिवस पाठ दुखली, एक दिवस डोळाच उघडला नाही, आणि मग जाणंच बंद झालं. आईचे गुडघे दुखायचे, तिला रोज जिना उतरवत नव्हता. भोवऱ्याने उशा फाडल्या, चपला पळवल्या, आणि एकदा तर शिकाऊ गाडीची लाल पाटी चावून तिचे तुकडे केले. मास्तरांनी त्याला बाल्कनीत बांधलं. बांधलेलं कुत्रं भुंकतं. भुंकलं की खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई काठीने छत ठोकतात. आई मात्र दुपारी हळूच दोरी सोडायची, त्याला पायाशी घेऊन बसायची आणि त्याच्याशी नातीच्या लहानपणच्या गोष्टी बोलायची.

एका रविवारी पाहुणे बसलेले असताना भोवरा दोरी तोडून आत आला आणि आनंदाच्या भरात आईच्या मांडीवर झेपावला. चहाची कपबशी पाहुण्यांच्या अंगावर! आई हसत होती, पण मास्तरांचा पारा चढला. दुसऱ्याच दिवशी, आईचा दुपारी डोळा लागलेला असताना, त्यांनी भोवऱ्याला गाडीत घातलं.

निवाऱ्यात त्या वेळी बरीच माणसं कुत्री बघायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "का हो, परत का आणलात?"

मास्तरांना आपलं भाषण आठवलं, फोटो आठवला. 'मला जमलं नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण भलतंच काहीतरी तोंडातून निघालं.

"माझ्या आईला चावला."

आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरकली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "मग याला वेगळा ठेवावा लागेल," त्या म्हणाल्या. भोवरा मात्र मास्तरांच्या पायांत घोटाळत शेपटी हलवत होता. त्याला वाटलं, फिरायलाच आलोय!

घरी आईने विचारलं तेव्हा मास्तरांनी दुसरी थाप मारली. "अगं, त्याला मोठं अंगण असलेलं घर मिळालं. तिकडे मजेत राहील." बायकोला खरं ठाऊक होतं, पण तीही गप्प बसली.

बरेच दिवस गेले. मास्तरांकडे एक नव्या शिकाऊ बाई येऊ लागल्या. सगळं आयुष्य कोर्टात गेलेल्या, आता निवृत्त झालेल्या वकीलबाई. केस पांढरे, पण गिअर टाकताना दात-ओठ असे खात की जणू समोर विरुद्ध पक्षाचा वकील उभा आहे.

एका सकाळी वळण घेता घेता त्या म्हणाल्या, "मास्तर, काल मी कुत्रं आणायला निवाऱ्यात गेले होते. एक तांबूस कुत्रा मला भारी आवडला. मागच्या बाजूला एकटाच पिंजऱ्यात होता. मला बघून असा गरगर फिरला की काय सांगू! पण मला देत नाहीत. म्हणतात, कुठल्याशा घरात म्हाताऱ्या बाईला चावलाय."

मास्तरांचा पाय आपोआप शिकवणाऱ्याच्या बाजूच्या वेगळ्या ब्रेकवर पडला. गाडी गचका देऊन थांबली.

"अहो, चुकलं का माझं काही?" वकीलबाई दचकल्या.

"नाही, नाही... चला पुढे."

वकीलबाईंनी गाडी पुढे घेतली, पण विषय सोडला नाही. "मला नवल वाटतं. एवढी वर्षं मी आरोपींच्या बाजूने उभी राहिले. चोर असो, दरोडेखोर असो, त्यालाही विचारतात, तुला काय म्हणायचंय? या बिचाऱ्याला कोण विचारणार? एका माणसाने काहीतरी सांगितलं आणि याला जन्मठेप! त्या आजीबाईंना कुणी भेटलं का? जखम कुणी पाहिली का? मी विचारलं, तर म्हणे नाही."

"पण... माणूस खोटं कशाला सांगेल?" मास्तर कसेबसे म्हणाले.

"लाजेपायी! मास्तर, लोभापायी खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण त्याहून जास्त पाहिले ते लाजेपायी बोलणारे. स्वतःचा कमीपणा झाकायला दुसऱ्यावर ढकलायचं. आणि ढकलायला मुक्या जनावरासारखं सोयीचं कोण? ते उलटून बोलत नाही."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी "घाबरू नका, सावकाश येईल" हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. ज्या जिवाला शिकायला थोडा वेळ हवा होता, त्याला आपण किती दिला?

संध्याकाळी घरी आले तर आई खिडकीशी बसली होती. "आता भोवरा अंगणात हुंदडत असेल, नाही रे? त्या लोकांना विचारून एकदा मला घेऊन चल ना. लांबूनच बघीन."

मास्तर तिच्या पायाशी बसले. "आई, अंगणाचं घर वगैरे काही नाही. तो पिंजऱ्यात आहे. मीच त्याला परत दिला. तुला चावला म्हणून सांगितलं."

आईने दोन्ही हातांच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि हात मुलासमोर धरले.

"कुठे चावला? दाखव जागा."

मास्तरांची मान वर होईना.

"दाखव ना! तो माझे हात चाटायचा रे. तुम्ही सगळे बाहेर, घरात माझ्याशी बोलणारा तोच एक. आणि माझं नाव पुढे करून तू त्याला गुन्हेगार ठरवलंस! मला विचारलं तरी होतंस?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला. "आई, मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "मीही तितकीच दोषी आहे."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई शिकायला आल्या तेव्हा मागच्या सीटवर एक म्हातारी बसलेली होती.

"या कोण?"

"माझी आई," मास्तर म्हणाले. "तो कुत्रा जिला चावला असं मी सांगितलं, ती हीच. त्याने हिला कधी दातही लावला नाही."

वकीलबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मास्तरांना वाटलं, आता आपल्याला फाडून खातील. पण त्यांनी फक्त चावी फिरवली. "निवाऱ्याचा रस्ता मला माहीत आहे. माझ्यापाशी बोललात ते ठीक. पण खोटं जिथे बोललात, तिथेच खरं बोला."

निवाऱ्यात त्याही दिवशी गर्दी होती. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना बाजूला बोलवायचा विचार केला आणि सोडून दिला. सगळ्यांसमोर, मोठ्याने ते म्हणाले, "मी खोटं बोललो होतो. भोवरा कुणालाही चावलेला नाही. आईला रोज जिना उतरवत नाही, मला त्याला पळवायचा कंटाळा आला, म्हणून त्याला बाल्कनीत बांधलं, आणि ते सांगायची लाज वाटली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वतःच्या आईचं नाव घेऊन कुणी खोटं बोलेल, असं माझ्या मनातही आलं नाही हो. किती माणसं त्याच्या पिंजऱ्यापर्यंत आली आणि मीच त्यांना परत पाठवलं!"

मागच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. भोवरा धावत आईकडे गेला, त्याने वकीलबाईंना हुंगलं, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या, आणि मग मास्तरांकडे येऊन त्यांचा हात चाटू लागला. ना राग, ना रुसवा! त्याने गुरगुरून अंगावर धाव घेतली असती तरी मास्तरांना बरं वाटलं असतं. ते तिथेच उकिडवे बसले आणि ढसाढसा रडले.

"आम्ही याला घरी नेतो," आई म्हणाली.

"नाही आजी," डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "घर तेच आहे, बाल्कनीही तीच आहे. तुमच्यावर विश्वास आहे, पण तुम्हाला रोज जिना उतरवत नाही."

मग वकीलबाई पुढे झाल्या. "माझं घर तळमजल्यावर आहे, मागे मोकळी जागा आहे."

"पण याला पळवणार कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी."

"तुमच्या शब्दावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"यांचा जामीन मी राहते," वकीलबाई म्हणाल्या. "एक दिवस चुकले, तर माझ्याशी गाठ आहे!"

काही दिवस भोवऱ्याची नीट पारख करून डॉक्टरीणबाईंनी तो वकीलबाईंच्या हवाली केला. आता मास्तर रोज सकाळी त्याच्यामागे धापा टाकत मैदानावर पळतात. वकीलबाई बऱ्यापैकी गाडी चालवू लागल्या आहेत; दुपारच्या वेळी आईला हाताला धरून जिना उतरवतात आणि आपल्याकडे घेऊन जातात.

पण मंडळी, गोष्ट इतक्या गोडीत संपत नाही. मास्तरांनी खोटं एकदाच सांगितलं होतं, पण ते त्यांच्याही आधी सगळीकडे पोचलं होतं. आजही मैदानावर कुणीतरी लेकराला मागे ओढतं आणि विचारतं, "हाच ना तो चावरा कुत्रा?" मास्तरांना थांबावं लागतं. मान खाली घालून ते सांगतात, "नाही हो. तो चावला नव्हता. मी खोटं बोललो होतो." प्रत्येक वेळी तितकीच लाज वाटते, आणि प्रत्येक वेळी ते सांगतातच.

आपणही जरा आठवून पाहूया. जनावर हौसेने घरी आणायचं, त्याच्या अंगातल्या उत्साहाला खोड म्हणायचं, आणि नकोसं झालं की त्याच्याच माथी खापर फोडून मोकळं व्हायचं, हे आपल्यातल्या किती जणांनी केलं असेल! ज्याला जमणार नाही त्याने आणू नये. आणून जमलं नाही तर 'मला जमलं नाही' असं सरळ सांगावं. त्यात जी लाज आहे ती घटकाभराची. पण आपली चूक मुक्या जिवाच्या गळ्यात बांधली, तर त्याचा अख्खा जन्म पिंजऱ्यात जातो.