झुंबरबाईची मशेरी

झुंबरबाईने दिराचा सदरा मागून धरला आणि त्याला डॉक्टरांच्या टेबलापुढे ढकललं.

"डाक्टरसाहेब, हाऊ मना देर, भिकन. गांजा पेस. याना छातीमा काय सडेल शे ते दखा."

भिकनची छाती बिघडली असं डॉक्टरांनी म्हणताच त्याला शेतातल्या खोपीत धाडायचं, एवढं तिने नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं. लेकराबाळांच्या घरात तिला चिलमीचा वास नको होता. खरं तर भिकनच नको होता. पाचोऱ्याहून जळगावपर्यंत गाडीत तिने त्याचा यथेच्छ उद्धार केला. श्वास घ्यायला थांबे तेवढ्यात बोट मशेरीच्या डबीत जाई आणि भाजलेल्या तंबाखूची काळी पूड हिरडीवर फिरे.

"तुम्हीबी दिनभर तमाखूच चोळतस ना, वहिनी?" भिकन पुटपुटला.

"मनी तमाखू दुकानमा उघड भेटस. तुना गांजाले पोलीस धरतस!"

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "घरघर आहे. चिलीम सोडलीच पाहिजे. धूर आहे तो, प्रसाद नव्हे."

झुंबरबाई जिंकली. इतका आनंद झाला तिला, की ती तोंड भरून हसली. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली.

"बाई, तोंड मिटू नका."

त्यांनी बॅटरीचा उजेड आत टाकला. गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्यात चिघळलेली जखम.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. तिखट खाधं म्हणीसन व्हयनं."

डॉक्टर तिच्याशी नाही, भिकनशी बोलले. "यांना मुंबईला न्या. उशीर करू नका."

"पण गांजा तर हाऊ पेस ना!" झुंबरबाई ओरडली.

"त्याला अजून सवड आहे, बाई. तुम्हाला नाही. तंबाखू आजपासून बंद."

दोघं स्टेशनावर परतली. फलाटावर बसल्यावर गाल ठणकू लागला. त्या ठणक्यावर तिला एकच औषध ठाऊक होतं. तिने डबी काढली.

भिकनने हात पुढे केला. "आणा आठे, वहिनी."

"पहिले तुनी चिलीम फेक."

भिकनचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. दोघं एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत राहिली.

गाडीची घंटा झाली तेव्हा तिचं बोट गालात होतं.