‘साफ’ आणि ‘सामान’ यांच्यामध्ये

तिने ‘स’चा खण कपाटातून पूर्ण बाहेर ओढला, पलंगावर ठेवला आणि कार्डांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. साधा, सान, साप, साफ. त्यानंतर एकदम सामान. मधलं ‘साबण’ नव्हतं.

त्या जागी लाल कार्डही नव्हतं. बाबांचा तसा नियम होता. शब्दाचं कार्ड बाहेर काढलं की तिथे लाल कार्ड ठेवायचं, त्यावर आपलं नाव आणि तारीख. घरच्यांनाही सूट नव्हती.

तीस वर्षं बाबा शब्दांची कुळं शोधत होते. कोशाचा शेवटचा खंड राहिला होता आणि तो पुरा व्हायच्या आत, दीड महिन्यापूर्वी, ते गेले. आज चार वाजता खण छापखान्यात जायचे होते. न्यायला येणार होते कानामात्रा.

हे नाव बाबांनीच ठेवलेलं. छापखान्यात प्रुफं तपासणारा हा माणूस खिशात हिरवं पेन घेऊनच जन्माला आला असावा, असं बाबा म्हणत. बाबांच्या निधनाची बातमी तिने लिहून दिली, तेव्हा डोळे पुसता पुसता त्यांनी त्यातलीही एक वेलांटी दुरुस्त केली होती. आणि त्याच दिवशी, निघताना, दाराशी थांबून विचारलं होतं, “‘स’चा खण उघडला नाहीस ना?”

तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. ती कामावर असायची तेव्हा बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींना तिने सकाळी फोन केला होता. त्या आधी आढेवेढे घेत राहिल्या. मग म्हणाल्या की छापखान्यातले काका रोज दुपारी यायचे, साहेबांचा डोळा लागला की खण उघडायचे आणि जाताना शर्टाच्या खिशात काहीतरी सरकवायचे. आपल्याला काय त्यातलं कळतंय, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

इतर कुठलाही शब्द गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण ‘साबण’ बाबांचा लाडका होता. लहानपणी तिला आंघोळ घालताना ते विचारायचे, अरबीत काय? साबून. पोर्तुगीजांचं? सबांव. फ्रेंच? साव्हों. उत्तर आलं की डोक्यावर एक तांब्या. कार्डावरची शेवटची ओळही तिला पाठ होती: ‘डोंगराची गोष्ट खोटी. असा डोंगर नाही.’ एका डोंगरावर पशूंचे बळी देत, चरबी आणि राख पावसाने खालच्या नदीत उतरे, तिथे बायकांचे कपडे स्वच्छ निघत, त्या डोंगराच्या नावावरून हा शब्द आला, अशी एक गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरते. बाबांना या गोष्टीची भयंकर चीड होती. नकाशावर नसलेला डोंगर लोक चढतात तरी कसे, असं ते म्हणत.

शेवटच्या वर्षात मात्र ते तिच्याशी शब्दांबद्दल बोलेनासे झाले. एकदा त्यांचे हात धुताना तिने सहज विचारलं होतं, “बाबा, अरबीत काय म्हणतात?” ते खिडकीकडे बघत राहिले. रागावलेत, असं तिला वाटलं. दुपारी कानामात्रांशी मात्र तासन् तास गप्पा चालत.

चारला पाच मिनिटं असताना बेल वाजली. तिने त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं आणि त्यांच्या पुढ्यात खण ठेवला.

“काका, यातलं ‘साबण’ कुठे आहे?”

त्यांनी पेला खाली ठेवला. खणाकडे पाहिलंही नाही.

“माझ्याकडे आहे.”

“लाल कार्ड?”

“नाही ठेवलं.”

“कुणाच्या नावावर छापणार होतात?”

हे त्यांना लागलं. कान लाल झाले. पिशवीतून एक जाड पाकीट काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं.

आत एक नव्हे, सोळा कार्डं होती. सगळी बाबांच्या हातची. प्रत्येकावर वेगळी तारीख, आणि मजकूर जवळजवळ तोच. ‘साबण. डोंगराच्या नावावरून. डोंगर मी पाहिला आहे. खाली नदी. ही कपडे धूत होती. मुलगी काठावर, पाण्यात पाय सोडून.’

तिने सोळाही वाचली. आई नदीवर कधी गेली नव्हती. मोरीत, नळाखाली, पदर खोचून ती कपडे धुवायची. आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

“शेवटी शेवटी रोज नवीन लिहायचे,” काका म्हणाले. “लिहून झालं की मला वाचून दाखवायचे. खूश असायचे गं. लाल कार्ड ठेवलं असतं तर त्यांनीच विचारलं असतं, इथलं काय नेलंस म्हणून. मग काय सांगायचं होतं?”

“मला सांगायचं होतं.”

“तुला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी शपथ घातली होती. सुरुवातीला, आपण विसरतोय हे कळत होतं तेव्हा.”

ती बराच वेळ कार्डांच्या कडा जुळवत बसली. मग जुनं, खरं कार्ड कुठे आहे, असं विचारलं. ते बाबांनीच फाडलं होतं, चुकीचं आहे म्हणून.

“तुला पाठ आहे,” काका म्हणाले. “तू लिही. कोपऱ्यात लिहिणाऱ्याची खूण असते, ती तुझी कर.”

तिने कोरं कार्ड घेतलं. लॅटिनमध्ये हा शब्द आला तो उत्तरेकडच्या लोकांकडून, केस लाल करायच्या लेपाचं नाव म्हणून. तिथून अरबी, फारसी. आपल्याकडे तो फारसीतून आला की पोर्तुगीजांच्या जहाजातून, यावर दुमत. लिहिताना तिचं अक्षर बाबांसारखं तिरकं होत गेलं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. ‘डोंगराची गोष्ट खोटी. असा डोंगर नाही.’ एवढंच लिहायचं उरलं होतं.

तिने पेनाला टोपण लावलं. कोपऱ्यात आपली खूण केली. कार्ड त्यांच्या हातात दिलं.

काकांनी चष्मा पुसून ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हात खिशातल्या हिरव्या पेनाकडे गेला, तिथेच जरा राहिला, आणि रिकामा परत आला.

मग त्यांनी कार्ड ‘साफ’च्या मागे नीट बसवलं आणि खण उचलला.