म्हशीआधीचे चार सेकंद

चैतरामच्या बुडाखाली आईच्या डिस्कचे दोन तुकडे झाले. झाले नाहीत. कट्ट असा आवाज आला तो खुर्चीचा, असं ठरवून तो तसाच बसून राहिला. उठला असता तर खात्री झाली असती.

"अवो, उठा ना. चहा झाला," दारातून त्याची बायको रुख्मा म्हणाली.

"इथंच आण."

"सकाळपासून बसून राहिले. अंडी उबवून राहिले का?"

चैतराम आमगावच्या एका राईस मिलमध्ये मशीन चालवायचा. त्याने विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्का एकशे चार, आणि प्रत्येकीची त्यानेच काढलेली एकेक कॉपी. विकायला नाही, भाड्याने द्यायला नाही. "बियाणं कोनी एकाच कोठीत ठेवते का?" एवढंच त्याचं शास्त्र. म्हणून कॉप्या घरी, आणि अस्सल डिस्का मुर्री गावात बहिणीकडे, अंजूकडे.

त्यातले एकशे तीन सिनेमे निव्वळ सोबतीला होते. खरा एकच. गावाजवळ शूटिंग झालेला, तीन दिवसांत पडलेला. त्यात हिरो बांधावरून धावतो, आणि मागे धानाच्या रोवणीच्या बायांमध्ये चैतरामची आई, सुभद्राबाई, कंबर सरळ करून कॅमेऱ्याकडे बघते. चार सेकंद. आता हसणार, तेवढ्यात मधून म्हैस जाते.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा दुसरा फोटो आधार कार्डावरचा, आणि त्यात ती नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसते.

"सासूबाई चार सेकंद एका जागी उभ्या राहिल्या, हेच नवल," असं रुख्मा म्हणायची, आणि दर रविवारी डोक्यावर पदर घेऊन बघायला बसायची.

आज रविवारच होता. चैतराम शेवटी उठला. घरच्या कॉपीचे दोन तुकडे. त्याने चहा न पिता मुर्री गाठली.

"अंजू, माह्या डिस्का कुठं हायेत?"

"कामावर गेल्या, भाऊ."

अंजूच्या शेतात धान लोंबीवर आलं होतं. त्यावर ओळीने दोऱ्या, आणि दोऱ्यांना एकशे चार सिनेमे लखलखत लटकलेले.

"पोपट फिरकून नाही राहिले," अंजू कौतुकाने म्हणाली. "अर्धी मुर्री विचारून राहिली, कुठून आनल्या म्हनून."

"अवं, त्यात आई हाय!"

अंजूचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "कोनत्यात?"

नावं उन्हाने केव्हाच उडाली होती. दोघांनी सगळ्या डिस्का उतरवल्या, पोत्यात भरल्या आणि आमगावला आणल्या. कॉम्प्युटरने एकेक गिळून परत थुंकली. सदुसष्टावी मात्र फिरली. हिरोचे चौकोनी तुकडे झाले होते, तो पाय एकीकडे आणि मुंडकं एकीकडे घेऊन धावत होता. आकाश हिरवं झालं होतं. आणि त्या सगळ्या कण्यांत अख्खा दाणा निघावा तशी आई आली. कंबर सरळ केली. बघितलं.

म्हैस आली. तीही अख्खी.

"हसली का रे ते?" अंजूने विचारलं.

"मले वाटते, हसली."

"म्हशीले विचारा," रुख्मा म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

चैतरामने लगेच पाच कॉप्या काढल्या, पाच वेगवेगळ्या घरी ठेवायला. अंजूला कॉपीसोबत एक बुजगावणंही द्यायचं कबूल केलं. मग थंड झालेला चहा गरम करून घेतला, आणि मजेत कागद पुढे ओढून अर्ज लिहायला बसला:

प्रति, मा. निर्माते. पत्ता उन्हाने उडाला आहे.

विषय: म्हैस थांबविणेबाबत.

महोदय, उपरोक्त सिनेमाची डिस्क मी रीतसर विकत घेतलेली असून पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तरी सदर म्हशीस दोन पावले अलीकडे थांबवून माझ्या आईस पूर्ण हसू द्यावे, ही नम्र विनंती.