टिकाऊ थापी

"वेणूबाई, थापी जमा करा. बाद झाली ती."

"ऱ्हाऊ द्या की, रामदासभाऊ. हाताला बसलीया."

"हाताला बसायला ती काय बांगडी आहे?" असं म्हणून मी माती खरवडायची नवी कोरी थापी तिच्यापुढे ठेवली.

उत्खनन विभागाचं भांडार तीस वर्षं माझ्याकडे आहे. पातं चार बोटांपेक्षा कमी उरलं की हत्यार बाद, हा नियम माझाच. खरेदीही माझीच. बोहरी आळीत मला बघून दुकानदार कपाळाला हात लावतात. मी प्रत्येक थापी फरशीवर वाजवतो, पायाखाली घेऊन वाकवतो. पातं आणि दांडी एकाच पोलादाची हवी, डाग मारून जोडलेली दिसली की परत. माझं हत्यार मोडलं असं कोणी म्हणून दाखवावं! वेणूबाईची जुनी थापी त्याच सकाळी भंगारवाल्याने नेली.

मांजरी गावात, उसाच्या रानात कॉम्प्युटरवाल्यांसाठी इमारती उठणार होत्या. पाया खणताना एक रांजण लागला आणि आम्हाला बोलावणं आलं. रांजणात तान्ह्या मुलाचा सांगाडा होता, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचा. बिल्डरने त्या संध्याकाळी पाचपर्यंतच मुदत दिली होती. पाचनंतर जेसीबी.

साडेतीनला वेणूबाई खड्ड्यात उतरली. तिच्यासारखा हात अख्ख्या विभागात नाही. खोदकामाच्या प्रमुख निशा मॅडम काठावर उभ्या होत्या. बाई माती ओढत होती, पण नवं पातं लांब असल्याने टोक दरवेळी जरा जास्त पुढे जात होतं. ते मला दिसत होतं, तरी मी गप्प बसलो. तेवढ्यात ‘कट्’ झालं. नव्या थापीचं टोक कवटीच्या काठात घुसलं होतं.

"वर या!" मॅडम कडाडल्या. "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

बाई कवटीच्या तुटलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते तिचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं वापरून गोल झालेली तिची थापी माती तेवढी काढायची, हाडाला शिवायची नाही.

"मॅडम, चूक बाईंची नाही, माझी आहे," मी म्हणालो. "टिकायला हवं होतं हाड. मी लोखंड जपत बसलो."

"तुम्ही आपलं भांडार सांभाळा."

"तेच सांभाळलं, म्हणून तर हे झालं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. "मग आता?" त्यांनी खाली विचारलं.

वेणूबाईने डोळे पुसले. "एखादा दगुड द्या. हिचं टोक घालवाया लागंल."

कोऱ्या हत्याराला दगड लावला म्हणून मी भल्याभल्यांना रडवलंय. तोच मी दगड घेऊन खड्ड्यात उतरलो. तो गुडघ्यांत धरला आणि वर बाटलीतलं पाणी ओतत राहिलो. बाई जोर लावून घासू लागली. पलीकडे जेसीबी सुरू झाल्याचा आवाज आला.

तिने पातं अंगठ्यावर फिरवून पाहिलं. "बास?"

"नाही," मी म्हणालो. "अजून झिजवा, बाई."